कुस्कोला जाताना: आधी खाली उतरा, मग दगड बघा

पेरूतल्या उंचावरच्या कुस्को शहराच्या विमानतळाबाहेर पडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच जाणवत नाही. ऊन छान असतं, हवा थंड असते, डोंगरउतारांवर लाल कौलांची घरं दिसतात. आपल्याला काही होत नाही असं वाटतं आणि फसगत होते ती इथेच. पहिल्या खेपेला मी बॅग हॉटेलात टाकून लगेच सान ब्लास भागाच्या चढणीवर गेले. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, रात्रभर उलट्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस खोलीत पडून काढले. स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांच्या ज्या दगडी भिंती बघायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, त्या टॅक्सीच्या खिडकीतून दिसल्या तेवढ्याच.

दुसऱ्यांदा गेले ती बाबांना घेऊन. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. त्या वेळी सगळा क्रम उलटा केला आणि सहल मनासारखी झाली. हा लेख त्या दुसऱ्या सहलीच्या आधारावर लिहिला आहे. भारतातून किंवा परदेशातून पहिल्यांदा कुस्कोला निघालेल्यांसाठी.

१. महिना ठरवा

पेरू दक्षिण गोलार्धात आहे. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडा हिवाळा असतो. मे ते सप्टेंबर आकाश स्वच्छ असतं, दिवसा ऊन तापतं आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, त्यात जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात ओले. २४ जूनला इंति राय्मी, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. तो बघायचा असेल तर खोली फार आधी घ्या. नसेल बघायचा, तर तो आठवडा टाळा, कारण गावात पाय ठेवायला जागा नसते. भिंती निवांत बघायला माझ्या मते मे किंवा सप्टेंबर उत्तम.

२. कागदपत्रं जमवा

- पासपोर्ट. मूळ प्रत. तिकिटं, रेल्वे, माचू पिक्चू या डोंगरावरच्या इंका वस्तीचं प्रवेशद्वार, सगळीकडे हाच बघतात. फोटोप्रत चालेल असं धरून चालू नका.
- व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असेल, किंवा तिथला कायमचा रहिवास असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत २०१७ पासून आहे. नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्या.
- वाटेतला व्हिसा. भारतातून पेरूला थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. युरोपातून जाणार असाल तर त्या त्या देशाचा नियम बघा.
- पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र. हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. कुस्कोच्या उंचीवर हा ताप नसतो, पण पेरूच्या जंगल भागात असतो, त्यामुळे भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत पेरू आहे. तिथून थेट भारतात परतताना हे पिवळं पुस्तक जवळ नसेल तर विमानतळावरून विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. साठीच्या पुढच्या लोकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. बाबांसाठी आम्ही दोन महिने आधीच बोललो होतो.
- प्रवास विमा. उंचीवरच्या आजारावरचे उपचार आणि तातडीने खाली हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते नीट वाचा.

३. माचू पिक्चूचं तिकीट सगळ्यांत आधी

कुस्कोला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण माचू पिक्चूला जातोच, आणि तिथल्या तारखेवर बाकीची सहल बेतावी लागते. रोजचा प्रवेश साधारण ४,५०० माणसांपुरता असतो, गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० पर्यंत. २०२४ पासून तीन वाटा आणि त्यांचे पोटमार्ग केले आहेत. तिकीट त्याच वाटेचं आणि त्याच तासाचं असतं, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसरी वाट घ्यावी. चित्रांत दिसतो तो देखावाही त्यात मिळतो आणि वस्तीच्या आतूनही फिरता येतं. पहिल्या वाटेवरून देखावा वरून दिसतो, पण वस्तीत नीट शिरता येत नाही.

तिकीट सरकारी संकेतस्थळावरून काढा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मध्ये पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही बरोबर ठेवा. ऑनलाइन संपलंच, तर डोंगराच्या पायथ्याच्या गावात रोज हजारेक तिकिटं खिडकीवर विकतात, पण त्यासाठी तिथे एक-दोन रात्री राहायची तयारी हवी. चार दिवसांच्या पायी इंका वाटेवर हमालांसकट दिवसाला ५०० जणांनाच परवानगी असते आणि फेब्रुवारीत ती वाट पूर्ण बंद असते.

तिकीट हातात आलं की मगच पेरूरेल किंवा इंका रेलची गाडी आरक्षित करा. उलटं केलंत तर गाडी एका दिवसाची आणि प्रवेश दुसऱ्या दिवसाचा, असा घोळ होतो.

४. उंचीचा क्रम लावा

ही पायरी वाचून बाकीचं विसरलात तरी चालेल.

| ठिकाण | उंची, मीटर |
|---|---|
| लिमा (राजधानी) | जवळजवळ समुद्रसपाटी |
| माचू पिक्चू | २,४३० |
| ओयांतायतांबो | २,८०० |
| पिसाक गाव | २,९७० |
| कुस्को | ३,४०० |
| साक्सायवामान | ३,७०० |
| चिंचेरो | ३,७६० |
| सप्तरंगी डोंगर (विनिकुंका) | ५,००० च्या वर |

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. कुस्को त्याच्या दुपटीहून उंच, जवळजवळ लेहच्या बरोबरीचं. इथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश असतो. लोक माचू पिक्चूच्या उंचीची धास्ती घेतात, पण ते कुस्कोहून जवळजवळ एक हजार मीटर खाली आहे. खरी परीक्षा कुस्कोचीच.

म्हणून आम्ही दुसऱ्यांदा असा क्रम लावला: लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्को, विमानतळावरून गावात न थांबता टॅक्सीने दीड-दोन तासांत खाली ओयांतायतांबो गावी. तिथे तीन रात्री. मग रेल्वेने माचू पिक्चू, पायथ्याच्या गावात एक रात्र. आणि सगळ्यात शेवटी कुस्कोत चार रात्री. बाबांना पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखलं, तेवढंच. कुस्कोत पोचेपर्यंत शरीराने सगळं स्वीकारलेलं होतं आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ गल्ल्यांतून चालत होते.

प्रवासी कंपन्या पुष्कळदा उलटा कार्यक्रम देतात: पहिल्याच दुपारी 'शहरदर्शन', त्यात गावाच्या डोक्यावरचे साक्सायवामानचे इंका अवशेष. पोचल्या दिवशी ३,७०० मीटरवर चढणं. असा कार्यक्रम हातात आला तर बदलून मागा.

५. पहिले दोन दिवस सांभाळा

इथे या त्रासाला 'सोरोचे' म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, ही त्याची लक्षणं. पाणी पीत राहा, जेवण हलकं ठेवा, दारू टाळा, चालणं संथ ठेवा. गरम पाण्याने लांबलचक अंघोळ पहिल्या रात्री नको. डायमॉक्स म्हणजे ॲसेटाझोलामाइड गोळी बरेच जण आदल्या दिवसापासून घेतात, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर मुद्दाम सांगा. तब्येत उत्तम असलेल्यांना त्रास होत नाही हा मोठाच गैरसमज आहे. रोज धावणारा पंचविशीतला माणूस आडवा पडतो आणि सत्तरीच्या आजीबाई ठणठणीत असतात.

लक्षणं असताना आणखी वर चढायचं नाही. आणि बसल्याजागी धाप लागली, सतत ओला खोकला आला, तोल जायला लागला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर उद्याची वाट बघू नका. त्याच क्षणी डॉक्टरांकडे जा आणि खाली उतरा. यात जीव जातो.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो (कोको नव्हे, कोकेन ज्यापासून बनतं ते झुडूप). पेरूत तो कायदेशीर आहे, चव गवती आणि किंचित कडसर. प्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून चढाई करू नका.

६. बोलेतो तुरिस्तिको समजून घ्या

कुस्को आणि आसपासची सोळा ठिकाणं बोलेतो तुरिस्तिको, म्हणजे पर्यटन तिकीट, या एकाच तिकिटात येतात. परदेशी प्रवाशांसाठी आम्ही गेलो तेव्हा पूर्ण तिकीट १३० सोलचं (सोल हे पेरूचं चलन), दहा दिवस चालणारं, आणि निवडक ठिकाणांचं अर्धं तिकीट ७० सोलचं, एक-दोन दिवसांचं होतं. साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय, तिपोन यांना सुटं तिकीट मिळत नाही. तेव्हा तीन-चार ठिकाणं बघणार असाल तर पूर्णच घ्या. ओयांतायतांबोच्या दारातही ते मिळतं. रोख सोल जवळ ठेवा.

या तिकिटात मुख्य चर्च येत नाही, मारासची मिठागरं येत नाहीत, आणि कोरिकांचा हे सूर्यमंदिरही येत नाही. इथे सगळे चकतात, कारण 'कोरिकांचाचं संग्रहालय' या नावाचं एक छोटं भुयारी दालन तिकिटात असतं. ते बघून लोक परततात आणि खरं सूर्यमंदिर राहून जातं. त्याचं प्रवेशद्वार वर, सांतो दोमिंगो चर्चच्या बाजूला आहे, आणि तिकीट वेगळं.

७. दगड कसे बघायचे

यासाठी किमान दोन पूर्ण दिवस ठेवा. बहुतेक जण कुस्कोला माचू पिक्चूची पायरी समजतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. इंकांची राजधानी ही होती. पाचाकुती या इंका राजाने पंधराव्या शतकात ती नव्याने बांधली, १५३३ मध्ये स्पॅनिश सैन्य आत शिरलं आणि त्याच पायांवर चर्च आणि वाडे उभे राहिले. खाली इंका, वर स्पॅनिश, हे दृश्य इथे गल्लोगल्ली दिसतं.

आधी ओळखायला शिका, कारण इथली प्रत्येक दगडी भिंत इंकांची नाही. पाडलेल्या भिंतींचे दगड उचलून नंतरच्या लोकांनीही घरं बांधली. तीन खुणा पुरतात. इंका भिंत तळाशी जाड असते आणि वर जाताना आत कलते. दारं-कोनाडे खाली रुंद, वर अरुंद असतात. आणि सांध्यात चुना दिसत नाही. दगडांच्या मध्ये मसाला भरलेला दिसला तर ती नंतरची भिंत. चुन्याशिवायची रचना आपल्याला नवी नाही, हेमाडपंती देवळं आपण पाहिलेली असतात. पण तिथे दगड बहुतेक चौकोनी थरांत बसतात, इथे पुष्कळ भिंतींत प्रत्येक दगडाचा आकार शेजाऱ्याप्रमाणे वेगळा घडवलेला आहे.

*लोरेतो गल्ली* मुख्य चौकातून निघते, फुकट आहे, चोवीस तास उघडी. चौकाकडे पाठ करून चालू लागलात की डावीकडची भिंत आक्यावासीची, म्हणजे सूर्याच्या सेवेला निवडलेल्या मुलींच्या वाड्याची. सकाळी सातच्या आत जा. गर्दी नसते आणि तिरपं ऊन भिंतीवर घासत जातं. त्या उजेडात दगडांवर बारीक खळगे दिसतात. मध्यभागी मोठे, कडांकडे लहान. हे खळगे म्हणजे काम कसं झालं त्याची सही आहे. जाँ-पिएर प्रोत्सेन या अभ्यासकाने १९८० च्या दशकात रुमिकोल्का इथल्या जुन्या खाणीत नदीतले टणक गोटे घेऊन स्वतः दगड घडवून पाहिला. सुमारे चार किलोच्या गोट्याने पृष्ठभाग ठोकायचा आणि कडा हलक्या गोट्याने. लोखंडी छिन्नी नव्हती, पण हात होते, वेळ होता आणि ठोकण्याची पद्धत पक्की होती. त्यामुळे कोणी तुम्हाला दगड वितळवल्याच्या किंवा परग्रहवासीयांच्या गोष्टी सांगू लागला, तर तिथून पुढे चला. घडवणाऱ्या माणसांचं श्रेय काढून घेणाऱ्या गोष्टी आहेत त्या.

*हातुन रुमियोक* गल्लीतली इंका भिंत सान ब्लासकडे चढताना उजव्या हाताला लागते. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड याच भिंतीत आहे. त्याच्यापुढे रांग लागलेली असते. फोटो काढा, पण मग पन्नास पावलं मागेपुढे चालून बाकीची भिंतही बघा, ती तितकीच अचूक आहे. हात लावायला मनाई आहे, आणि ती पाळाच. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने या दगडावर हातोडी चालवून टवके उडवले. पाच-सहा शतकं आणि दोन मोठे भूकंप सोसलेला दगड तो.

*कोरिकांचा* मात्र अगदी वेगळं. इथे वेडेवाकडे कोन नाहीत, अँडेसाइट या ज्वालामुखी दगडाचे सरळ थर आहेत आणि सांधे इतके बारीक की बोटाने शोधावेसे वाटतात. एकेकाळी या भिंतींवर सोन्याचे पत्रे होते. स्पॅनिशांनी कैद केलेल्या इंका राजा आताहुआल्पाच्या सुटकेसाठी मागितलेल्या खंडणीत ते उतरवले गेले. नंतर स्पॅनिश लोकांनी मंदिरावर मठ बांधला. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत मठाची फार पडझड झाली, आतल्या इंका खोल्या टिकल्या. बाबा इथे दोन तास होते. कोनाड्याजवळ वाकून ते म्हणाले, "बघ, भिंत कलती, दार निमुळतं, सांधा कोरडा. हादरा बसला की दगड जरासे हलत असणार आणि परत बसत असणार. चुना असता तर तडकला असता." बाहेर आल्यावर बागेकडच्या बाजूने अर्धगोल भिंत नक्की बघा, तिची वळणाची रेषा मठाच्या खालून पुढे येते. रविवारच्या वेळा वेगळ्या असतात, आदल्या दिवशी विचारून घ्या.

*साक्सायवामान* गावाच्या डोक्यावर आहे. टॅक्सीने वर जा आणि पायी खाली या. करवतीसारख्या दातेरी तीन भिंती, त्यातला सगळ्यात मोठा दगड शंभर टनांहून जड असल्याचा अंदाज आहे. हा चुनखडक आहे. एवढं दिसतं ते उरलेलं आहे, कारण हलवता येण्याजोगे दगड चर्च आणि घरांसाठी खाली नेले गेले. इथे १५३६ मध्ये मांको इंका या राजाच्या लोकांनी शहराला वेढा घालून झुंज दिली होती.

*ओयांतायतांबो* मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण तुमच्या क्रमात ते पहिलं येईल. वरच्या अर्धवट मंदिरात गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा उभ्या आहेत. पाठ वळवून नदीपलीकडच्या डोंगराकडे बघा. त्यांची खाण, काचिकाता, तिथे वर आहे. शिळा त्या उतारावरून खाली आणल्या, उरुबांबा नदी ओलांडली आणि या टेकडीवर चढवल्या. वाटेत राहून गेलेल्या शिळा आजही पडलेल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना 'दमलेले दगड' म्हणतात. चढणीच्या पायऱ्या उभ्या आहेत, सकाळी लवकर जा, दुपारी सहलींच्या बस येतात.

एक दिवस उरला तर तिपोनला जा. इंकांनी दगडात बांधलेल्या पाटांतून आजही पाणी वाहतं, आणि माणसं फार कमी असतात.

८. शाकाहारींसाठी

'वेहेतारियानो' एवढं सांगून भागत नाही, कोंबडी चालत असेल असं धरतात. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' म्हणजे मांस, कोंबडी, मासे नकोत, असं तिन्ही म्हणा. सूप भाज्यांचं असलं तरी खालचं पाणी बहुतेकदा कोंबडीचं असतं, म्हणून 'काल्दो दे पोयो' आहे का ते विचारा. 'कुय' म्हणजे गिनीपिग. कुस्कोच्या मुख्य चर्चमधल्या मार्कोस सापाताच्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रातही ताटात कुयच आहे.

पोटभर मिळेल असं: किन्वाचं सूप, मोठ्या दाण्यांचं उकडलेलं मक्याचं कणीस आणि चीज, नाना तऱ्हेचे बटाटे, सान पेद्रो बाजारातले फळांचे रस. त्याच बाजारात 'किविचा' विचारा. समोर येतो तो आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊ. त्या पोत्यांसमोर उभं राहून मला आमच्या एकादशीचं ताट आठवलं: बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळं मूळचं याच खंडातलं.

नळाचं पाणी पिऊ नका.

९. पैसे आणि टॅक्सी

टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, जराशी फाटलेली नोटही घेत नाहीत. सुटे सोल कायम खिशात असू द्या, शौचालयालाही लागतात. परदेशी पर्यटकांना हॉटेलच्या बिलावरचा १८ टक्के कर माफ असतो, पासपोर्ट दाखवून बिलात तो लावला नाही ना ते बघा.

१०. परत निघताना

बॅग भरताना कोकाची पानं, कोकाच्या चहाच्या पुड्या, कोकाची चॉकलेटं, जे काही असेल ते हॉटेलातच ठेवा. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, अमेरिकेतही चालत नाही, आणि वाटेत विमान बदलताना तपासणी होते. बाजारात उघड विकलं जातं म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि लसीचं पिवळं पुस्तक मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या आतच ठेवा. मुंबईला उतरल्यावर सामान हाती येण्याआधी ते मागतात.